२७ लाख माइट, वजन साडेतेरा ग्रॅम

घरोघरी व्हॅक्यूम क्लीनर दाखवत फिरणाऱ्या विक्रेत्यांचा एक प्रयोग ठरलेला असतो. यंत्राच्या तोंडाला काळं फडकं लावायचं, बेडरूममधल्या गादीवरून चारदा फिरवायचं आणि फडक्यावर जमलेली पांढुरकी भुकटी घरच्यांच्या नाकासमोर धरायची. “मॅडम, यावर तुम्ही रोज झोपता!” पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं. म्हणे दहा वर्षांत गादीचं वजन दुप्पट होतं, कारण तिच्यात धुळीतले माइट, त्यांच्या लेंड्या आणि तुमची मेलेली कातडी साठत जाते.

जरा हिशेब करू. गादी १० किलोची धरली, तर दहा वर्षांत तिच्यात आणखी १० किलो भर पडायला हवी. म्हणजे ३,६५० दिवस, रोज जवळपास पावणेतीन ग्रॅम. माणसाच्या अंगावरून दिवसाकाठी झडणारी सगळी कातडी मिळून भरते अर्धा ते दीड ग्रॅम. त्यातली बरीचशी आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत जाते, काही कपड्यांत अडकते, काही ऑफिसच्या खुर्चीत राहते. माइट तिच्यावरच जगतात, त्यामुळे ते स्वतःच्या पदरचं वजन काही घालत नाहीत. मग रोजचे पावणेतीन ग्रॅम येणार कुठून? अशीच दुसरी एक लोणकढी फिरते, की माइट आयुष्यभरात स्वतःच्या वजनाच्या २०० पट लेंड्या टाकतो. तोही हिशेब मांडून पाहिला, तर उत्तर एक-दोन पटीच्या पुढे जाताना दिसत नाही.

खरे आकडे मात्र या थापांपेक्षा जास्त चक्रावणारे आहेत. फक्त ते दुसऱ्या टोकाला आहेत, अतिलहानाच्या.

माइट म्हणजे पाव-एक मिलिमीटर लांबीचा, आठ पायांचा, कोळी आणि गोचिडीच्या गोतातला जीव. त्याला डोळे नाहीत, फुप्फुसं नाहीत, श्वास कातडीतून. तो ढेकणासारखा चावतही नाही. पूर्ण वाढलेल्या माइटचं वजन साधारण ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमला दोन लाख माइट. तो जगतो दोन-तीन महिने. तेवढ्यात मादी ६० ते ८० अंडी घालते, आणि हवा मानवली तर अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू महिन्याभरात अंडी घालण्याजोगं होतं.

आता जूनच्या पहिल्या सरीला गादीत फक्त १०० माइट आहेत असं धरा. निम्म्या माद्या, प्रत्येकीची ६० अंडी. पहिली पिढी ३,००० ची, दुसरी ९०,००० ची, आणि गणपती-नवरात्राच्या सुमारास तिसरी २७ लाखांची. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात निम्मीअधिक पिल्लं मरतात, खाणं कमी पडतं, आणि माइटना खाणारे दुसरे माइटही त्याच गादीत असतात. पण कागदावरचे सगळे २७ लाख जगले, तरी त्यांचं एकूण वजन साडेतेरा ग्रॅम, फार तर तीन चमचे साखरेइतकं. गादी जड होत नाही ती अशी.

आणि तरीही एवढ्याशा वजनाने माणूस रात्रभर शिंकतो, लहान मुलाला धाप लागते. घरातल्या धुळीने दमा होतो हे डॉक्टरांना १९२० च्या दशकापासून ठाऊक होतं, पण धुळीतल्या नेमक्या कशाने, ते कळायला चाळीस वर्षं गेली. १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि सहकाऱ्यांनी बोट माइटकडे दाखवलं. ओलसर घरांतली धूळ जास्त त्रास देते, हा त्यांच्या हाती लागलेला धागा होता. पुढे १९८१ मध्ये टोवी, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी दाखवलं, की मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिनाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग माइटच्या लेंड्यांमध्ये असतो. हे प्रथिन म्हणजे त्याच्या पोटातलं पाचक द्रव्य.

एक माइट दिवसाला सुमारे २० लेंड्या टाकतो. लेंडीचा व्यास साधारण २० मायक्रॉन, म्हणजे ५० लेंड्या ओळीत मांडल्या की एक मिलिमीटर. ग्रॅमभर धुळीत हे प्रथिन २ मायक्रोग्रॅम असलं, की अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका सुरू होतो असं मानतात. तेवढ्यासाठी त्या ग्रॅमभर धुळीत १०० माइट पुरतात. वीस गुणिले शंभर, दहा दिवसांत २०,००० लेंड्या. लाख-कोटींची गरजच नाही.

लेंडीचा हा आकार आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. २० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सेंटिमीटरभर वेगाने खाली येतो. चादर झटकली की उडालेली लेंडी दोन-अडीच मिनिटांत पुन्हा जमिनीवर. म्हणून महागड्या एअर प्युरिफायरच्या हाती फारसं काही लागत नाही, आणि ओल्या फडक्याच्या हाती लागतं. कोरड्या झाडूने मात्र आपण तीच धूळ पुन्हापुन्हा उडवत बसतो.

पण या सगळ्या आकड्यांतून मला एकच निवडायचा असेल, तर मी टक्के निवडेन, हवेतल्या ओलाव्याचे. माइट पाणी पीत नाही. पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतल्या खारट द्रवाने तो हवेतली वाफ शोषून घेतो. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असली की त्याची चंगळ, ५० च्या खाली सतत राहिली की आठ-दहा दिवसांत तो वाळून मरतो. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरची हवा २०-२५ टक्क्यांवर येते. जुलैत रत्नागिरीची नव्वदीच्या आसपास असते. विदर्भातला उन्हाळा जे फुकट करतो, ते कोकणात फवारे मारूनही साधत नाही. त्यात झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पाव लिटरभर पाणी सोडतो. शिवाय काही जातींची पिल्लं कोरडे महिने निपचित पडून काढतात, त्यामुळे उन्हाळ्यावरही पूर्ण विसंबता येत नाही.

उपायांचे आकडे थोडे हिरमोड करणारे आहेत. गादीला माइट न शिरणारी खोळ घालावी, असं डॉक्टर सांगत आले. ब्रिटनमध्ये १,१२२ प्रौढ दमेकऱ्यांवर ती वापरून पाहिली. २००३ मध्ये निकाल आला: साध्या खोळीत आणि तिच्यात काही फरक नाही. २०१७ मध्ये निकाल आलेल्या दुसऱ्या चाचणीत मँचेस्टरच्या डॉक्टरांनी माइटची अ‍ॅलर्जी असलेली, दम्याचा झटका येऊन गेलेली २८४ मुलं निवडली. वर्षभरात साध्या खोळीवाल्यांपैकी ४२ टक्के मुलांना पुन्हा झटका येऊन इस्पितळात न्यावं लागलं, खास खोळीवाल्यांपैकी २९ टक्के. म्हणजे खोळ घ्यायची तर अ‍ॅलर्जी आहे हे तपासून, आणि आधी मुलांच्या गादीला.

बाकीचं घरच्या घरी जमतं. चादरी-अभ्रे आठवड्याला, ६० अंशांच्या पाण्यात. गार पाण्याने माइट मरत नाही, पण लेंडीतलं प्रथिन विरघळून बरंचसं निघून जातं, तेही कमी नाही. ऑक्टोबर हीट आपल्याला नकोशी होते, पण गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकायला तिच्यासारखा मुहूर्त नाही. १९८१ च्या शोधातल्याच टोवींनी पुढे सिडनीत गालिचे उन्हात टाकून पाहिले. १९९४ मध्ये त्यांनी नोंदवलं, की थेट उन्हाने त्यातले सगळे माइट मरू शकतात. मेलेले माइट आणि लेंड्या मात्र तशाच उरतात, म्हणून ऊन दाखवल्यावर गादी बाहेरच बडवायची, आणि ज्याला शिंका येतात त्याने ते काम अंगावर घ्यायचं नाही. एसी असेल तर पावसाळ्यात ‘ड्राय’वर ठेवावा.

राहता राहिला मुलांचा टेडी. तो ६० अंशांच्या पाण्यात विटून जातो. त्याला पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आईस्क्रीम काढायला गेलेलं पोर भोकाड पसरेल.