'माया मच्छिंद्र' कानांनी कसा पाहायचा?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा साउंडट्रॅक हेडफोनवर लावा. हॉवर्ड शोअर यांची ओळखीची धून वाजली की डोळे मिटूनही कळतं, आपण हॉबिटांच्या गावात आलो. अद्भुत जग सुरांनी उभं करण्याचं हेच काम १९३२ साली आपल्या कोल्हापुरात झालं होतं!

प्रभात फिल्म कंपनीचा 'माया मच्छिंद्र' म्हणजे स्त्रीराज्यात रमलेला गुरू आणि त्याचा शिष्य गोरखनाथ यांची गोष्ट. दिग्दर्शक व्ही. शांताराम. संगीत गोविंदराव टेंबे यांचं आणि मच्छिंद्रनाथही तेच.

तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गायचे, वादक चौकटीबाहेर बसून साथ द्यायचे. एक सूर चुकला की सगळं पुन्हा! आज ऑर्केस्ट्रा वेगळा रेकॉर्ड होतो आणि प्रत्येक वाद्याचा आवाज नंतर कमी-जास्त करता येतो.

म्हणून त्या काळचं गाणं ऐकताना खरखरीला नावं ठेवू नका. गळा पुढे आणि वाद्यं मागे का, ते ऐका. गाणारा नट जागचा फारसा का हलत नाही, तेही उमगेल. माइकपासून लांब जाणं त्याला परवडणारं नव्हतं.