विश्लेषण : ग्रीन टीने वजन खरेच कमी होते का?

सकाळी उठून गरम पाण्यात ग्रीन टीची पुडी बुडवायची, तोंड वाकडे करत कप संपवायचा आणि महिनाभराने वजनकाट्यावर उभे राहायचे. हा प्रयोग अनेक घरांत होऊन गेला आहे. काहींचा काटा खालीही येतो. पण श्रेय कोणाचे? ग्रीन टीचे, की तिच्यामुळे बंद झालेल्या साखरेच्या चहाचे?

अभ्यास काय सांगतात?

काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झुडपाच्या पानांचे. फरक फक्त प्रक्रियेचा. हिरव्या चहात ‘कॅटेचिन’ ही द्रव्ये जास्त टिकतात. कॅटेचिन आणि कॅफिन मिळून शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढवतात. या ‘किंचित’वरच सगळा बाजार उभा आहे.

‘कॉक्रेन’ने २०१२ मध्ये ग्रीन टीवरील १८ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात जपानबाहेरच्या सहा चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा किमान १२ आठवड्यांनंतरचा सरासरी फरक निघाला ०.०४ किलो. म्हणजे अवघे ४० ग्रॅम! पेलाभर पाणी प्यायले तरी काटा याहून जास्त हलतो. जपानमधील चाचण्यांत ०.२ ते ३.५ किलो घट दिसली, पण त्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या होत्या की त्यांची सरासरी काढता आली नाही.

मग काटा उतरतो कसा?

दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर धरा. चमचा ५ ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, सुमारे १६० कॅलरी. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर नुसती चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ही साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. शिवाय दूध आणि सोबतची बिस्किटे वेगळीच.

हे सारे सुटले की वजन उतरणारच. बिनसाखरेच्या कोऱ्या चहानेही तेच होईल, तोही पुडीच्या निम्म्याहून कमी खर्चात. गुळाच्या चहाचे मात्र कौतुक नको. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, तर गुळात ३८०.

धोका कुठे?

‘स्लिमिंग टी’च्या पाकिटावर सोनामुखी किंवा सेना लिहिलेले असेल तर ते रेचक आहे. जुलाब होऊन पाणी जाते, चरबी जागेवरच राहते. परदेशात वजन घटवणाऱ्या काही उत्पादनांत सिब्युट्रामिन हे औषध लपवून मिसळल्याचे उघड झाले आहे. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते अमेरिकेतून २०१० मध्ये मागे घेतले गेले. भारतातही त्यावर बंदी आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांचे प्रकरण आणखी निराळे. त्यातील ‘ईजीसीजी’ हे कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला होता. कपातल्या चहाबाबत तिला तशी चिंता वाटली नाही.

एक गोष्ट मात्र साध्या चहालाही लागू आहे. जेवणासोबत घेतलेला चहा, हिरवा असो वा काळा, अन्नातील लोह शरीरात पुरेसे शोषले जाऊ देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आहे. त्यामुळे वजनासाठी जेवल्या जेवल्या ग्रीन टी घेणाऱ्यांनी तो कप तासभर तरी पुढे ढकलावा.