कॅमेरा नंतर घ्या, आधी पंखा बंद करा

घरी थालीपिठाचा व्हिडिओ करायचं ठरलं की पहिली चर्चा कॅमेऱ्याच्या किमतीवर येते. नवख्यांचे व्हिडिओ फसतात ते मात्र आवाजात, उजेडात आणि आधी न केलेल्या विचारात. त्यामागचे काही पक्के गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : महागड्या कॅमेऱ्याशिवाय व्हिडिओ चांगला होत नाही.

वस्तुस्थिती : शॉन बेकर यांचा ‘टँजरिन’ (२०१५) हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला आणि सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. फोन बाजारातलाच होता. मात्र त्यावर वेगळी लेन्स बसवली होती आणि तो हलू नये याची सोय केली होती. तुमच्याही फोनला आधी स्टँड द्या. तेलकट बोटं लागलेली लेन्स पुसून घ्या. दोन बोटांनी झूम करण्यापेक्षा, वाफ चुकवून, फोनच तव्याजवळ न्या. एका मर्यादेपुढे झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणं.

गैरसमज : चित्र झकास असलं की आवाज कसाही चालतो.

वस्तुस्थिती : चित्र जरा धूसर असलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, शब्दच कळले नाहीत तर पुढे सरकतो. बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. भिंतींवरून घुमणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. साधा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. तो नसेल तर दुसरा फोन फ्रेमबाहेर, तोंडाजवळ ठेवून त्यावर नुसता आवाज टिपा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. हात जुळल्याचं चित्र आणि टाळीचा आवाज एडिटिंगमध्ये जुळवले की बाकीचं आपोआप जुळतं. सिनेमातली क्लॅपपाटी हेच काम करते. पंखा आणि चिमणी बंद ठेवा, कुकर नंतर लावा. फोडणीचा तडतडाट मात्र हवाच असतो. तो न बोलता, फोन जवळ धरून वेगळा टिपा. आणि दहा सेकंदांची चाचणी हेडफोन लावून ऐकल्याशिवाय खरं रेकॉर्डिंग सुरू करू नका.

गैरसमज : जितके दिवे जास्त, तितकं चित्र चांगलं.

वस्तुस्थिती : उजेड किती आहे यापेक्षा तो कुठून येतो आणि कोणत्या रंगाचा आहे, हे महत्त्वाचं. दिवसाचा उजेड साधारण ५,५०० केल्विनचा, पिवळा बल्ब २,७०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा दिसतो. खिडकी बाजूला घ्या, पाठीमागे नको. आणि बल्ब बंद करा. पांढरी ताटली फ्रेममध्ये येताच चित्र काळवंडतं, कारण फोन स्वतःच उजेड बदलतो. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो.

गैरसमज : चुका काय, एडिटिंगमध्ये सुधारता येतात.

वस्तुस्थिती : एडिटिंगमध्ये काढून टाकता येतं, न घेतलेला शॉट आणता येत नाही. पीठ थापण्याची एकच क्रिया लांबून, मध्यम अंतरावरून आणि क्लोजअपमध्ये घ्या. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर काही सेकंद कॅमेरा चालू राहू द्या. हात हलताना कट दिला तर तो जाणवत नाही. मग चक्राकार ट्रान्झिशनची गरज उरत नाही.

गैरसमज : गाण्याचे दहा सेकंद वापरले तर चालतं.

वस्तुस्थिती : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट नाही. गायकाचं नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही होत नाही.

गैरसमज : पहिलाच व्हिडिओ लांब आणि परिपूर्ण हवा.

वस्तुस्थिती : ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाती घेण्याआधी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म केली, एकेक फ्रेम थांबून थांबून टिपली. पैसे देणाऱ्यांची खात्री पटवायला ती उपयोगी पडली. तुम्हीही एका मिनिटापासून सुरुवात करा. कांदा चिरतानाचे तीन शॉट घ्या, सोबत दोन वाक्यं बोला. मग एकदा आवाज बंद करून पाहा : काय चाललंय ते कळतं का? एकदा डोळे मिटून ऐका : शब्द न् शब्द कळतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की लांबी वाढवा. नवा कॅमेरा घ्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.