डब्यातले पैसे

२००० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी 'एरीड' ही योजना सुरू केली. स्वच्छ इंधन, सुधारित चुली विकणारे छोटे धंदेवाले हेरायचे, त्यांना धंद्याचा हिशेब शिकवायचा आणि मग कर्ज द्यायचं. घाना, माली, सेनेगल, झांबिया अशा देशांत काम झालं. कर्जाची बाजू 'ई अँड को' या अमेरिकी संस्थेने सांभाळली. बँका या लोकांना दारात उभं करत नव्हत्या.

या काळातलं एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे: घानातली 'टोयोला' ही शेगड्यांची कंपनी. सुराज वाहाब आणि त्यांच्या भागीदाराने २००६ मध्ये ती काढली. भंगाराच्या पत्र्याची शेगडी, आत भाजलेल्या मातीचं अस्तर. लोणारी कोळसा साधारण एक तृतीयांश कमी लागायचा. पण शेगडीचे पैसे एकरकमी कुठून आणायचे? टोयोलाने शेगडी उधारीवर दिली आणि सोबत एक डबा दिला. कोळशातून वाचलेली नाणी त्यात टाकत राहायची, मुदत भरली की डबा उघडायचा आणि शेगडीचे पैसे चुकते करायचे. आपल्याकडची भिशी चालवणारी बाई हा व्यवहार न सांगता ओळखेल. ई अँड कोने २००७ मध्ये टोयोलाला ७०,००० डॉलर कर्ज दिलं, २०११ मध्ये तिला शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला.

आणि पुढच्याच वर्षी खुद्द ई अँड कोचा डोलारा कोसळला. छोट्या कर्जाला चकरा आणि कागद मोठ्या कर्जाइतकेच लागतात, व्याज मात्र चिमूटभर येतं.

रवांडातल्या 'इन्येन्येरी' या चुलींच्या कंपनीची कथाही फार वेगळी नाही. चूल जवळजवळ फुकट, कमाई लाकडाच्या भुश्याच्या गोळ्यांवर. गावकऱ्याने सरपण आणून दिलं तर बदल्यात गोळ्या. चुलींमुळे घटलेल्या कार्बन उत्सर्जनाचे दाखले, म्हणजे कार्बन क्रेडिट, विकण्याचा जागतिक बँकेशी करार झाला, पण हा पैसा उत्सर्जन कमी झाल्याचं सिद्ध झाल्यावर येतो, आणि गोळ्यांच्या कारखान्याला तो आधी लागतो. २०२० मध्ये कंपनी बंद पडली. त्यातच २०२४ च्या एका अभ्यासात चुलींचे कार्बन क्रेडिट सरासरी नऊपट फुगवलेले निघाले. प्रामाणिक विक्रेतेही त्यात भरडले गेले.

माझ्या मते, या गोष्टीत गिऱ्हाईक कमी पडलंच नाही; घाई झाली ती पैसेवाल्यांना. मे २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या स्वच्छ स्वयंपाकासाठी भरलेल्या पॅरिसच्या परिषदेत २२० कोटी डॉलरची आश्वासनं मिळाली. गरज आहे वर्षाला ४०० कोटी डॉलरची. सहाराच्या दक्षिणेला पाचातल्या चौघांच्या घरी आजही सरपण नाहीतर कोळसाच जळतो.