मतभिन्नता हेच ‘ॲजाइल’ संघाचे बळ

एका संगणकप्रणालीवर काम करणारे सात जण टेबलाभोवती बसले आहेत, अशी कल्पना करावी. निवृत्तिवेतनधारकांना घरबसल्या अर्ज भरता यावा, यासाठी एक सोय तयार करायची आहे. या कामाला किती श्रम पडतील याचा अंदाज प्रत्येकाने मनातल्या मनात बांधायचा आणि त्या आकड्याचा पत्ता पालथा ठेवायचा. इशारा होताच सारे पत्ते एकदम उलटले जातात. सहा पत्त्यांवर ३ हा आकडा, सातव्यावर मात्र १३! तो पत्ता असतो संघात नुकत्याच दाखल झालेल्या, चाचणीचे काम पाहणाऱ्या मुलीचा. तिला कारण विचारले जाते. ती सांगते, ‘‘गावी आजोबा असाच अर्ज भरायला बसतात. चष्मा शोधून मोबाइलवरचा ओटीपी वाचेपर्यंत त्याची मुदत संपते आणि भरलेला सगळा अर्ज कोरा होतो. शेवटी तालुक्याला जाऊन, पैसे मोजून तो भरून घ्यावा लागतो. हे सगळं सांभाळायचं असेल, तर काम तीनात होणार नाही.’’

उरलेल्या सहा जणांना आज्ञावली कशी लिहायची हे तिच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. ती कोण वापरणार, हे मात्र तिला अधिक ठाऊक असते.

हा प्रसंग कल्पित असला, तरी पत्त्यांची पद्धत खरी आहे. ‘प्लॅनिंग पोकर’ या नावाने ती ओळखली जाते. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ती मांडली आणि माइक कोन यांच्या लेखनातून ती जगभर पसरली. तिचा महत्त्वाचा नियम असा, की सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा दाखवणाऱ्यांनी आपली कारणे आधी सांगायची. बहुमतापासून सर्वांत दूर उभा असलेला माणूस येथे अडचणीचा ठरत नाही. उलट, बोलण्याचा पहिला मान त्याला मिळतो. ‘ॲजाइल’ म्हणजे चपळ कार्यपद्धतीत वैचारिक वैविध्याला इतके मोल का, याचे उत्तर या साध्या नियमात दडलेले आहे.

मतभेदातूनच जन्म

या कार्यपद्धतीचा जाहीरनामाही निरनिराळ्या मतांच्या माणसांनीच एकत्र येऊन लिहिला. ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या काळात अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ज्ञ जमले होते. त्यांत ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’चे केंट बेक होते, ‘स्क्रम’चे केन श्वेबर व जेफ सदरलँड होते आणि ‘क्रिस्टल’ पद्धत मांडणारे ॲलिस्टर कॉकबर्नही होते. प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि एका अर्थाने एकमेकींची स्पर्धक. तरीही चार मूल्यांवर त्यांचे एकमत झाले. प्रक्रिया व साधनांपेक्षा माणसे व त्यांच्यातील संवाद, भरगच्च कागदपत्रांपेक्षा चालणारी प्रणाली, करारातील वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, अशी ती मूल्ये होत.

या बैठकीची एक मर्यादाही नोंदवायला हवी. जमलेले सतराही जण पुरुष होते. त्यांच्या पद्धती निराळ्या असल्या, तरी एका मोठ्या वर्गाचा अनुभव त्या खोलीत नव्हताच.

जुन्या ‘वॉटरफॉल’ पद्धतीत आधी गरजांची यादी, मग आराखडा, मग लेखन आणि सर्वांत शेवटी चाचणी, असा क्रम असे. काम संथ चाले. पण एकच कागद अनेक विभागांच्या नजरेखालून जाई. ‘ॲजाइल’ने ही साखळी मोडली. २०२० च्या ‘स्क्रम’ मार्गदर्शिकेनुसार संघात साधारणपणे दहा किंवा त्याहून कमी माणसे असतात आणि कामाची प्रत्येक फेरी, म्हणजे ‘स्प्रिंट’, एका महिन्याच्या आत संपते. काम कसे करायचे, याचा निर्णयही संघच घेतो. याचा अर्थ असा, की पूर्वी वेगवेगळ्या विभागांत विखुरलेल्या नजरा आता याच आठ-दहा जणांत असायला हव्यात. त्यांना जे दिसत नाही, ते ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कोणालाच दिसत नाही. सगळे एकाच साच्यातले असतील, तर असा संघ चुकाही तेवढ्याच चपळाईने करतो.

वैविध्य नेमके कशाचे?

वैविध्य म्हटले, की लिंग, प्रांत, भाषा यांचाच विचार प्रथम होतो. त्यांचे महत्त्व आहेच, कारण माणसाचा अनुभव त्यांतून घडतो. परंतु संघाच्या दृष्टीने मुख्य प्रश्न असतो, तो समोरच्या प्रश्नाकडे कोण कोणत्या बाजूने पाहतो हा. अमेरिकी अभ्यासक स्कॉट पेज यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डिफरन्स’ या पुस्तकात याची मीमांसा केली आहे. प्रत्येक माणसाजवळ विचार करण्याची आपापली हत्यारे असतात. ज्यांची हत्यारे सारखी, ते कितीही हुशार असले, तरी साधारण एकाच ठिकाणी अडतात. निराळे हत्यार घेऊन आलेला माणूस तेथून वाट काढू शकतो. अर्थात पेज यांनी अटीही सांगितल्या आहेत. प्रश्न पुरेसा अवघड हवा आणि वैविध्य त्या प्रश्नाशी संबंधित हवे. नुसती भिन्न माणसे गोळा करून भागत नाही.

आणि भिन्न माणसे गोळा केली, तरी ती बोलतीलच असेही नाही. सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेले प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याच्या रेषेएवढी आहे, एवढेच सांगायचे होते. उत्तर उघड होते. पण गटातले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याचे साथीदार होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. त्यांची उत्तरे ऐकल्यानंतर बोलणाऱ्या खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताची री ओढणारी निघाली. मात्र गटातल्या एकानेही खरे उत्तर दिले, की चुकांचे हे प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर येई. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला सांगितले, तरीही बहुमताचा प्रभाव बराच ओसरे.

पत्ते पालथे का ठेवायचे आणि एकदम का उलटायचे, हे येथे स्पष्ट होते. ‘मला वाटतं, तीन पुरेत,’ असे ज्येष्ठ सहकाऱ्याने आधीच म्हटले असते, तर त्या मुलीच्या हातातला १३ चा पत्ता कदाचित टेबलावर आलाच नसता.

बोलण्याची मुभा, ऐकण्याची जबाबदारी

हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील पथकांचा आणि औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांत चुका कमी आढळतील, अशी अपेक्षा होती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चित्र उलटे दिसले. चांगल्या पथकांच्या नावावर चुका अधिक नोंदल्या गेल्या होत्या. तेथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. तर तेथील माणसे त्या न घाबरता सांगत होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रश्न विचारल्याने किंवा चूक कबूल केल्याने आपली मानहानी होणार नाही, या सामूहिक विश्वासाला त्यांनी १९९९ मधील शोधनिबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटले. गूगलने २०१२ मध्ये सुरू केलेल्या आपल्या संघांच्या अभ्यासातही प्रभावी संघांचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणून हाच पुढे आला.

तथापि, बोलण्याची मुभा पुरेशी नसते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत ‘चॅलेंजर’ यानाच्या उड्डाणाबाबत दूरध्वनीवरून बैठक झाली. कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्यांची लवचीकता कमी होईल, म्हणून उड्डाण करू नये, असे रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी सांगितले. त्यावर प्रश्नचिन्हे उभी राहिली. मग कंपनीच्या व्यवस्थापकांनी वेगळी चर्चा करून, अभियंत्यांना अंतिम निर्णयात सामील न करता, संमती कळवली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान कोसळले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. भिन्न मत खोलीत होते, ते बोललेही गेले. पण त्याला निर्णयात स्थान नव्हते. म्हणूनच हरकतीचे उत्तर मिळाल्याशिवाय विषय पुढे न नेण्याचा दंडक संघाने स्वतःलाच घालून घ्यावा लागतो.

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या संगणक उद्योगात आज ‘ॲजाइल’ची परिभाषा सर्रास कानी पडते. पण आपल्याकडे घरात वडीलधाऱ्यांपुढे आणि शाळेत गुरुजींपुढे उलट न बोलण्याचे वळण लहानपणापासून लागते. तेच कार्यालयातही येते. साहेबांनी तोंड उघडले, की नंदीबैलासारख्या माना डोलतात. रोज सकाळची उभ्या-उभ्या होणारी बैठक साहेबांना हजेरी देण्याचा सोपस्कार बनते. स्प्रिंटच्या शेवटी होणाऱ्या ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’मध्ये ‘सगळं छान झालं’ एवढेच नोंदले जाते. फलकावरच्या रंगीत चिठ्ठ्या तशाच राहतात. त्यामागचा विचार निघून जातो.

यावर उपाय खर्चिक नाहीत. अनुभवी व्यक्तीने आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपला मुद्दा लिहून काढावा. सभेत गप्प राहणाऱ्यांना आणि दूरवरून पडद्यावर सामील होणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो. दोघांनी मिळून आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतीत जोड्या अधूनमधून बदलाव्यात, म्हणजे एकाची नजर दुसऱ्याला लाभते. नवी माणसे निवडताना ‘आपल्यात चटकन मिसळेल’ ही एकच कसोटी लावू नये.

मतभिन्नतेची किंमतही मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. बैठका लांबतात, शब्दाला शब्द लागतो, निर्णयाला वेळ जातो. वाद कामाबद्दलचा न राहता माणसाबद्दलचा झाला, तर संघ दुभंगतोही. म्हणून चर्चेला वेळेची मर्यादा हवी आणि निर्णय झाल्यावर विरोधकानेही त्यासाठी मनापासून झटायला हवे. त्या पत्त्यांच्या बैठकीत १३ हा आकडा जसाच्या तसा स्वीकारला जाईलच असे नाही. मुदत संपली, तरी भरलेली माहिती जपून ठेवायची, एवढी तडजोड होऊन कदाचित ८ वर एकमत होईल. पण ते एकमत आधीच्या तीनापेक्षा अधिक जाणते असेल.

पुढच्या बैठकीत सगळे पत्ते पुन्हा सारखेच निघाले, तर संघप्रमुखाने समाधान मानण्यापूर्वी एकदा टेबलाभोवती नजर फिरवावी. काम खरोखरच सोपे आहे, की १३ चा पत्ता कोणी हातातच ठेवला आहे, हे त्याने विचारावे. ते विचारले न गेल्यास कोरा झालेला अर्ज घेऊन गावाकडचे कोणी आजोबा पुन्हा तालुक्याची एसटी पकडतील.