वस्तीवरच्या मास्तरांचा वारसा

कॅथलिक शाळेत नोकरी करणारी तरुण मंडळी भेटली की बोलणं संचमान्यता (मंजूर शिक्षकपदं), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) यांच्यापलीकडे जात नाही. त्यांना दोष देववत नाही. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असं त्यात आहे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाची झोप त्यामुळे उडाली असेल तर ते साहजिकच आहे. पण ‘सर, आता शिकवण्यात मन लागत नाही’ हे वाक्य मी या निकालाच्या फार आधीपासून ऐकतो आहे. त्याचं उत्तर मला आमच्याच इतिहासात दिसतं, म्हणून हा आढावा.

मी राहतो माधवनगरला. सांगली-मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना डॉक्टर वानलेस आणि 1894 चं मिरजेचं इस्पितळ आठवतं. ती प्रेसबिटेरियन मिशनची पुण्याई. आम्ही कॅथलिक इथे मूठभर. माझी नोकरी झाली नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, आणि माझं मनही तिथेच गुंतलेलं आहे.

सुरुवात फादर स्टीफन्सपासून करण्याचा रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. 1579 मध्ये हा इंग्रज येशूसंघीय गोव्यात उतरला, उरलेलं आयुष्य तिथेच राहिला, आणि 1616 मध्ये रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. अभ्यासक त्याला कवी म्हणून गौरवतात. मला तो आधी शिक्षक वाटतो. समोरच्या माणसाच्या कानाला ओवीची सवय आहे हे त्यानं ओळखलं आणि स्वतः ओवी शिकला. मधली दोन-अडीच शतकं मी सोडून देतो. मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थांबद्दलही लिहीत नाही. पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स 1867 चं, मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 चं. त्यांच्या स्मरणिका भरपूर निघाल्या आहेत.

माझं भांडण त्या स्मरणिकांतल्या एका गृहीतकाशी आहे. कॅथलिक शिक्षण म्हणजे कॉन्व्हेंट, इंग्रजी माध्यम, दगडी इमारत आणि टापटीप गणवेश, असं आमचेच काही विद्वान लिहितात. मराठी शाळांना ते परिशिष्टात ढकलतात. अशा मंडळींशी मी सभांमध्ये वाद घातला आहे आणि पुढेही घालीन.

त्या वादातला माझा पुरावा नगर जिल्ह्यातला आहे. 1878 च्या सुमारास, मोठ्या दुष्काळाच्या शेवटी, जर्मन येशूसंघीय फादर वाइसहाउप्ट राहुरीजवळच्या केंदळला आले. त्यांच्यामागून आणखी फादर आले. पण गावोगावच्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत वर्षानुवर्षं राहिला तो मास्तर. बहुतेकदा त्याच समाजातला, मिशनच्या बोर्डिंगात चार बुकं शिकलेला. ज्या पोरांना गावच्या शाळेत ओसरीवरसुद्धा बसू देत नसत, त्यांना तो पाटी-पेन्सिल देई. दिवसा पोरं, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठी माणसं. कुणाचा अर्ज लिहायचा, मुंबईला गेलेल्या मुलाचं पत्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यायचं, आणि फादर येऊ शकले नाहीत त्या रविवारी प्रार्थना चालवायची. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन फादरांना स्थानबद्ध केलं, मग मायदेशी धाडलं. धर्मगुरूंची अशी चणचण पडली तेव्हा वस्त्यांवरचा भार या मास्तरांनी पेलला. आज हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला लोटणाऱ्या गर्दीत किती घराण्यांची पहिली अक्षरं अशा मास्तरांनी गिरवून घेतली असतील!

त्यांपैकी एका वृद्ध मास्तरांची वही मी पाहिली आहे. हजेरीपटाच्याच लांबट कागदावर, बोरूच्या वळणाच्या अक्षरात प्रत्येक मुलापुढे दोन शब्द: ‘बाप उसाला’, ‘आई आजारी’, ‘धाकटीला सांभाळते’, ‘पाढे उत्तम’. मुलगा चार दिवस दिसला नाही की मास्तर संध्याकाळी त्याच्या दारात. मी त्यांना विचारलं, ‘मास्तर, कंटाळा येत नव्हता?’ ते म्हणाले, ‘यायचा की. मग पगाराच्या दिवशी मिशनच्या बंगल्यावर सगळे मास्तर जमायचे. एकमेकांची गाऱ्हाणी ऐकायची, पोरांच्या गोष्टी सांगायच्या, प्रार्थना करायची, आणि दुसऱ्या दिवशी परत वस्तीवर.’ उभारीची याहून चांगली व्यवस्था मला कुठे आढळली नाही. आपल्यासारखंच काम करणारा माणूस महिन्यातून एकदा शेजारी बसतो आणि आपलं ऐकून घेतो.

जागतिक परंपरेतही हाच धागा आहे. 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांना शिक्षकांचे आश्रयदाते ठरवलं. द ला साल यांनी गरिबांच्या मुलांना वाचन शिकवलं ते लॅटिनमधून नव्हे, त्यांच्या फ्रेंचमधून. आणि शिक्षकांना एकत्र राहायला, एकत्र जेवायला, एकत्र प्रार्थना करायला लावलं. एकटा शिक्षक कोमेजतो हे त्यांनी सतराव्या शतकात जाणलं होतं.

आपल्याकडे वसईनं मराठीची कास सोडली नाही. ‘सुवार्ता’ मासिकानं तिथल्या शिक्षकांना लिहितं केलं आणि त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, याचा मला आजही अभिमान वाटतो. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयासारख्या शाळांनी खेड्यातल्या मुलांना दार उघडं ठेवलं. पण एकंदर चित्र खंतावणारं आहे. मराठी तुकड्या ओस पडताहेत आणि आमचेच शिक्षक स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत घालतात. शिक्षकांच्या बैठकीत माहिती भरण्याच्या तारखाच वाचल्या जातात. एका शाळेत तर गृहभेटींची नोंद कोऱ्या वहीत आधीच भरून सही करताना मी शिक्षक पाहिले. बाहेरून वक्ता बोलावून दोन तासांत प्रेरणा देण्याचे कार्यक्रम होतात. त्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. त्या पैशात प्रत्येक धर्मग्रामातल्या शिक्षकांना महिन्यातून एक संध्याकाळ चहा-पोहे मिळतील आणि मोकळेपणी बोलायला जागा मिळेल. नव्या शिक्षकाबरोबर पहिलं वर्षभर एक जुना शिक्षक जोडून द्यावा, त्यानं त्याचं टाचण तपासू नये, त्याच्याबरोबर मुलांच्या घरी जावं.

माधवनगरात माझ्या पडवीत यंत्रमागावर काम करणाऱ्यांची काही मुलं संध्याकाळी अभ्यासाला येतात. त्यांत एकही ख्रिस्ती नाही. त्यांच्यासाठी मी त्या वृद्ध मास्तरांसारखीच वही ठेवली आहे. परवा सहावीतल्या मुलीनं तीत डोकावून स्वतःच्या नावापुढची ‘भागाकारात अडते’ ही नोंद वाचली, आणि रागावून सलग दहा उदाहरणं सोडवून दाखवली. नोंद मी तिच्यासमोर खोडली.

राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे या भागांत जुन्या मास्तरांच्या घरी अशा वह्या, हजेरीपट, पगाराच्या पावत्या अजून असतील. माळ्यावर पडलेल्या त्या रद्दीत देऊ नका. धर्मप्रांतानं त्या गोळा कराव्यात असं मी कधीपासून म्हणतो आहे. ते होईपर्यंत कुणी मला या अंकाच्या पत्त्यावर कळवलं तर मी स्वतः येऊन त्या उतरवून घेईन.