सह्याद्री, खडूची भुकटी आणि जवसाचे तेल
(एस. वाय. बी. ए.)

निसर्गचित्र म्हणजे डोंगरासमोर बसून डोंगर उतरवणे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात मोठी निसर्गचित्रे पुष्कळदा डोंगरापासून दूर, चार भिंतींच्या आत पुरी होतात. चित्रकार बाहेरून आणतो ती झटपट टिपणे. त्यांचे चित्र होते ते स्टुडिओत. भोर-वेल्ह्याच्या मुलखात तर याला पर्यायच नाही. आषाढात ढग खाली उतरले की तोरण्यासारखा १४०३ मीटर उंचीचा गड बघता बघता नाहीसा होतो. चित्रकाराने तो पाहिला किती वेळ? म्हणूनच पाहिलेले ते टिकवायचे कसे, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो. या प्रश्नाची दोन उत्तरे म्हणजे पेस्टल आणि तैलरंग.

पेस्टल म्हटले की आपल्याला शाळेतले मेणचट खडू आठवतात. ते ऑइल पेस्टल. जपानमध्ये १९२५ च्या सुमारास ते बाजारात आले. चित्रकाराचे खरे पेस्टल निराळे. रंगाची भुकटी, थोडी खडूची पूड आणि चिकटण्यापुरता डिंक, एवढाच त्याचा संसार. यात पाणी नाही, तेल नाही; त्यामुळे वाळण्याची वाट पाहणेही नाही. कागदावर जो रंग लावला तोच उद्या दिसणार. संध्याकाळचा उजेड पाच मिनिटांत पालटतो, तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो. मात्र त्यासाठी खरखरीत कागद लागतो, कारण भुकटी कागदाच्या खाचांत अडकून राहते. खाचा भरल्या की पुढचा रंग धरत नाही. फिक्सेटिव्ह फवारले तर भुकटी पक्की होते, पण रंग थोडे गडद होतात. म्हणून पेस्टलचे चित्र काचेखाली ठेवतात, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये फट राखतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात या फटीत दमट हवा कोंडली तर कागदाला बुरशी धरते. तेव्हा चौकट मागून नीट बंद करणे आणि ओलीच्या भिंतीवर चित्र न टांगणे, हे रंगकामाइतकेच महत्त्वाचे.

तैलरंगाचा स्वभाव उलटा. त्यातली भुकटी जवसाच्या तेलात घोटलेली असते. आपल्या शेतकऱ्याला जवस परके नाही. त्याच्याच तेलावर युरोपातली कित्येक चित्रे शतकानुशतके उभी आहेत. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होते. म्हणून पातळ थर हाताला कोरडा लागायलाही काही दिवस जातात, आणि आतून पुरता पक्का व्हायला महिने. यातूनच जुना नियम आला : आधी कमी तेलाचा थर, वर जास्त तेलाचा. उलटे केले तर वरचा थर आधी आवळतो आणि चित्राला भेगा जातात. पण या संथपणातच तैलरंगाची ताकद आहे. काल रंगवलेला डोंगर आज खरवडता येतो, त्याच्यावर धुक्याचा पातळ थर चढवता येतो.

ही दोन माध्यमे एकमेकांची वैरी नाहीत. फ्रान्समधील देगा या चित्रकाराने १८९० नंतर निसर्गचित्रांची एक मालिका केली. पत्र्यावर तैलरंग लावून त्याचा ठसा कागदावर घ्यायचा आणि वर पेस्टलने काम करायचे, अशी त्याची रीत होती. ही चित्रे बरीचशी आठवणीवरून, स्टुडिओत झाली. त्यांचे प्रदर्शन १८९२ साली पॅरिसमध्ये भरले.

आपल्या जवळचे उदाहरण द्यायचे तर कोल्हापूरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले आबालाल रहिमान (निधन १९३१) कोटितीर्थाच्या काठी राहून निसर्ग रंगवीत राहिले. त्याच नगरीत पुढे चंद्रकांत मांडरे झाले. १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’ चित्रपटात ज्यांनी महाराजांची भूमिका केली, तेच हे नट. कोरडी रंगभुकटी कागदावर चोळून ते ‘पावडर शेडिंग’ची निसर्गचित्रे करीत. ही रीत पेस्टलची सख्खी बहीणच म्हणायची. राजारामपुरीतील त्यांच्या घरातच आज त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे.

स्टुडिओला उत्तरेची खिडकी असावी, असे पुस्तके सांगतात. कारण तिथून ऊन आत येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. हे पुस्तक युरोपचे. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे इथल्या उत्तरेच्या खिडकीला त्या दिवसांत जाड पांढरा पडदा हवा.

रंगांचेही तसेच. आमचा डोंगर वर्षभर एका रंगाचा नसतो. श्रावणात हिरवा, पण त्या हिरव्यातही भाताचे खाचर पोपटी, रान काळपट. मार्गशीर्षात वाळल्या गवताचा सोनेरी. फाल्गुनात वणव्याने आणि राब भाजल्याने काळा. खालचा बसाल्टचा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी उभा असतो, आणि लांबच्या रांगा मधल्या हवेमुळे निळ्या होत जातात. तयार हिरवी नळी पिळून हे साधत नाही.

“डोंगराचं चित्र काढून पोटाला काय मिळणार?” असे आमच्या घरी विचारतात. प्रश्न खोटा नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला पहिला मीच, तेव्हा पोटाचा विचार मलाही आहे. पण माझ्या आईचे माहेर धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावाचा एक फोटो कोणाकडे नाही. आजी सांगते, “आमची ताल तांबूस मातीची होती, आणि वरचं रान निळं दिसायचं.” एवढेच उरले आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र आणि आकार लिहिलेला असतो. मातीचा रंग लिहिलेला नसतो. तो लिहून ठेवणे हे चित्रकाराचे काम. त्या गावात कोणी वीस मिनिटे पेस्टल घेऊन बसला असता, तर आज आजीला बोटाने दाखवायला काही असते.

आपल्या वर्गांत इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेले पुष्कळजण आहेत. रस्ते रुंदावत आहेत, माळावर कुंपणे पडत आहेत. महागड्या तैलरंगांची वाट पाहू नये. एक खरखरीत करडा कागद आणि आठ-दहा खडू एवढ्यावर सुरुवात होते. तैलचित्र पुढे सवडीने, घरात बसून करता येईल. टिपण मात्र डोंगर आहे तोवरच घ्यायला हवे.